विषयाला सोडून

शिलाई मशीन दुरुस्तीच्या आमच्या ऑनलाइन कट्ट्यावर मी खाष्ट म्हणून प्रसिद्ध आहे. नियम क्रमांक चार: विषयाला सोडून बोलू नये. कुणी सुनेचं गाऱ्हाणं मांडलं की मी ते उडवते. नातवाचा फोटो आला, तोही उडवते. मास्तर नावाने लिहिणाऱ्या एका सभासदाने मला ‘सासूबाई’ म्हणायला सुरुवात केली, आता सगळेच म्हणतात. म्हणू देत. दिवसभर दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायच्या आणि मधल्या वेळात तीनशे शिंप्यांची भांडणं सोडवायची, तर जीभ तिखट लागतेच.

कट्टा वाचायला कुणालाही मोकळा आहे. लिहायचं असेल तर नव्या माणसाचा पहिला संदेश आधी माझ्याकडे येतो. मी ‘मंजूर’ दाबलं की सगळ्यांना दिसतो. सात दिवसांत दाबलं नाही तर आपोआप पुसला जातो. फोन, ईमेल काही मागायचं नाही, कारण म्हाताऱ्या कारागिरांना तेवढ्यानेच घाम फुटतो. हे सगळे नियम माझेच.

मागच्या महिन्यात एका सोमवारी दुकान उघडलं आणि आलेले संदेश वाचायला घेतले. एकात लिहिलं होतं, ‘जुनं पायमशीन घेतलंय, वडिलांचं होतं तसंच. टाका सैल पडतो. झुरळाची मिशी बदलावी लागेल का? बॉबिनच्या डबीवरच्या पातळ पट्टीला आमच्या घरी असं म्हणायचे.’

मी कात्री खाली ठेवली. त्या पट्टीला झुरळाची मिशी म्हणणारा माणूस एकच, माझे बाबा. आणि ते ऐकत मोठी झालेली पोरं दोनच, मी आणि दादा.

बाबा गेले तेव्हा दादा दोन दिवस उशिरा पोचला. दारातच म्हणाला, “बाबांचं मशीन मी नेऊ का गं?” माझं डोकं फिरलं. म्हटलं, “विकलं.” तो आत न येता माघारी गेला. मशीन तेव्हा मागच्या खोलीत चादरीखाली होतं, आजही तिथेच आहे. त्याला अकरा वर्षं झाली. त्याचा फोन नंबर बदलला, पत्ता बदलला.

‘मंजूर’ दाबलं असतं तर मास्तरांनी पाच मिनिटांत उत्तर दिलं असतं आणि दादा आभार मानून निघून गेला असता. पहिलं उत्तर माझं हवं होतं. मी लिहायला बसले. पहिल्या दिवशी चार पानं झाली, पण त्यात सगळीकडे मीच बरोबर होते. खोडली. दुसऱ्या दिवशी नुसती रडारड. तीही खोडली. असं करत आठवडा गेला. पुढच्या सोमवारी सकाळी एवढंच जमलं: ‘दादा, मशीन विकलं नाही. घरी ये.’

मंजूर करायला गेले तर यादी रिकामी. दिवस मी वाचल्यापासून मोजले होते, कॉम्प्युटरने मोजले ते संदेश आल्यापासून. दादाने शनिवारी लिहिलं होतं.

दुसऱ्यांची चूक अर्ध्या मिनिटात पकडणारी मी, त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची बाही उलटी लावली. मग माझं ते वाक्य कट्ट्यावर सगळ्यात वर लावून टाकलं. खाली जोडलं, ‘झुरळाची मिशी बदलू नकोस. स्क्रू नुसता पाव फेरा आवळ.’

दुपारपर्यंत मास्तरांनी विचारलं, “सासूबाई, नियम चारचं काय झालं?” आता रोज त्या संदेशावर तक्रारी येतात. ‘विषयाला सोडून’ असं बटण आहे, कुणीही दाबावं, नाव लागत नाही. तक्रार आली की माझ्यासमोर दोन पर्याय येतात, काढा किंवा ठेवा. मी ‘ठेवा’ दाबते.

लहानपणी मी बाबांचा खडू उचलला तरी दादा पळत जाऊन चहाडी करायचा. त्याची मला काय चीड यायची. आता सकाळी दुकान उघडलं की आधी तक्रारी मोजते. काल तीन होत्या, आज चार. ही चौथी त्याची असावी, एवढंच वाटतं.