गाळलेलं प्रकरण

ठाणेदारांनी वही टेबलावर ठेवली आणि हे अक्षर तुमचंच का, असं विचारलं. यादोरावांना वही उघडून पाहावी लागली नाही. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून गोल झालेलं आपलं अक्षर त्यांनी लांबूनच ओळखलं.

"माहंच आहे," ते म्हणाले.

"मग पोरांना दुप्पट वजन देऊन पळवायचं, हेही तुम्हीच लिहिलं?"

"पळवायचं नाही साहेब, सराव दुप्पट वजनाच्या लाकडी तलवारीनं करायचा, असं आहे ते. अन् मी निसतं मराठीत आनलं. लिवलं एका रोमन मानसानं. सोळाशे वर्ष झाले त्याले."

दाराशी उभा असलेला शिपाई हसला. ठाणेदार हसले नाहीत. जबाबात जिवंत माणसाचं नाव लागतं, असं म्हणून त्यांनी यादोरावांचं पूर्ण नाव लिहून घेतलं. गाव सानगडी, तालुका साकोली, धंदा सेवानिवृत्त हवालदार.

फौजेत यादोरावांच्या हातात बंदुकीपेक्षा खडूच जास्त राहिला होता. ते जवानांना लिहायला-वाचायला शिकवत. एका प्रशिक्षण केंद्राच्या वाचनालयात त्यांना त्या रोमन माणसाच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर सापडलं. साम्राज्य डळमळू लागलेलं असताना त्याने बादशहासाठी ते लिहिलं होतं: शिपाई कसा निवडावा, पावलाला पाऊल जुळवून कसं चालवावं, पोहायला कसं शिकवावं, मुक्कामाभोवती खंदक कसा खणावा. युरोपातले राजे आणि सेनापती पुढची हजार वर्षं त्याच्या नकला करून घेत राहिले. आपण पहाटे मैदानावर जी कवायत करतो तिचं मूळ इतकं जुनं आहे, याचं यादोरावांना नवल वाटलं. पण ते खरे अडकले एका वेगळ्याच ठिकाणी. उन्हातान्हात राबलेली खेड्यातली पोरंच उत्तम शिपाई होतात, असं त्या माणसाने लिहिलं होतं. धानाच्या बांधीत वाढलेले यादोराव ते पान पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

निवृत्तीनंतर शब्दकोश शेजारी ठेवून त्यांनी सहा वर्षांत तो ग्रंथ मराठीत उतरवला. चार जाड वह्या भरल्या. बायको मंदाबाई चहा ठेवताना विचारायच्या, तुमचा रोमवाला आज कुठवर आला. सकाळी ते तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, गावातल्या पोरापोरींना भरतीसाठी तयार करत. फी घेत नसत. त्यांचा पहिला विद्यार्थी हेमराज. तो दोनदा भरतीत नापास झाला, मग भंडाऱ्याला जाऊन त्याने स्वतःची अकादमी काढली. गुरुजी, तुमचं पुस्तक मी छापतो, असं सांगून एक दिवस तो वह्या घेऊन गेला.

पुस्तक निघालं, त्याचा भंडाऱ्यातल्या एका सभागृहात समारंभ झाला. इस्त्रीचा शर्ट घालून यादोराव दुसऱ्या रांगेत बसले होते. हातात प्रत आली तेव्हा मुखपृष्ठावर लेखक म्हणून हेमराजचं नाव होतं. आत यादोरावांचं नाव कुठेच नव्हतं, आणि रोमन माणसाचंही नव्हतं. त्या माणसाने तर ग्रंथाच्या सुरुवातीलाच कबूल केलं होतं की यातलं काही आपलं नाही, जुन्या जाणत्यांनी लिहिलेलं आपण फक्त एकत्र केलं आहे.

पानं चाळताना त्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. शिपायांच्या तब्येतीचं प्रकरण गाळलं होतं.

समारंभ संपल्यावर त्यांनी हेमराजला बाजूला घेतलं. त्याने वाकून नमस्कार केला, नाव प्रेसवाल्याकडून राहून गेलं म्हणाला, पुढच्या आवृत्तीत टाकतो म्हणाला. तब्येतीचं पोट्टे वाचत नाहीत, त्यांना जोशाचं लागतं, असंही म्हणाला. यादोराव न जेवता परत आले. पुढची दोन वर्षं ते मंदाबाईंजवळ नावाबद्दलच बोलत राहिले. प्रकरणाबद्दल ते कोणाजवळ एक शब्द बोलले नाहीत.

यंदाच्या मे महिन्यात अकादमीच्या मैदानावर दुपारी दोन वाजता पोरांना पाठीवर रेतीची पोती देऊन धावायला लावलं. एरवी दहा किलो असायची, त्या दिवशी वीस होती. लाखांदूरच्या केशवरावांचा एकोणीस वर्षांचा कुलदीप दुसऱ्या फेरीनंतर पाणी मागायला थांबला. प्रशिक्षकाने फेऱ्या झाल्यावर पाणी, असं सांगितलं. तिसऱ्या फेरीत तो पडला. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्याने प्राण सोडला.

त्यानंतर हेमराजने पोलिसांना आणि वार्ताहरांना सांगितलं की ही पद्धत माझी नाही, यादोराव गुरुजींची आहे, हे पाहा त्यांच्या हातचं. दुप्पट वजनाचं पान ज्या वहीत होतं तेवढी एकच वही त्याने ठाण्यात नेऊन दिली. मुखपृष्ठावर ज्या नावाला जागा मिळाली नव्हती, ते दुसऱ्या दिवशी फोटोसकट सगळ्या पेपरांत आलं.

जबाब देऊन बाहेर पडल्यावर यादोरावांना व्हरांड्यात हेमराज दिसला.

"हेमराज, तब्येतीचं प्रकरण तिसऱ्या वहीत आहे. तेबी दाखव साहेबाले."

हेमराज मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "गुरुजी, वकिलानं बोलाले मना केलं आहे."

तिसरी वही सापडली नाही. गुन्हा दोघांवरही दाखल झाला, आणि दोघांनाही जामीन मिळाला. पाळीवर सकाळी येणारी पोरं बंद झाली. आईबापांनी पाठवलीच नाहीत. अकादमी मात्र महिन्याभरात नवीन पाटी लावून सुरू झाली.

पावसाच्या तोंडाशी, धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायच्या दिवसांत यादोराव लाखांदूरच्या एसटीत बसले. मंदाबाईंनी पुष्कळ अडवलं, लोक मारतील म्हणाल्या. मारलं तर मारलं, असं ते म्हणाले नाहीत, पण त्यांच्या मनात तेच होतं.

केशवराव अंगणात बसले होते. पेपरातल्या फोटोवरून त्यांनी यादोरावांना ओळखलं. त्यांच्या बायको रत्नाबाई उठून आत गेल्या. बसा कोणी म्हटलं नाही. यादोरावांनी उभ्यानेच सगळं सांगितलं: ग्रंथ, वह्या, समारंभ. आणि मग जे सांगायला आले होते ते सांगितलं.

"ते प्रकरण गाळलं, हे मी त्याच दिवशी पाह्यलं होतं, केशवभाऊ. मले राग आला तो माह्या नावाचा. त्या पानांसाठी भांडलो असतो, तं..."

केशवरावांनी मान वर केली.

"काय होतं त्या पानांत?"

वही नव्हती, पण सहा वर्षं घासलेलं सगळं तोंडपाठ होतं. यादोरावांनी सांगितलं. उन्हाळ्यात पहाटेच निघावं, ऊन चढायच्या आत मुक्कामाला पोचावं. शिपायाला भर उन्हात चालवू नये, राहायला सावलीची जागा द्यावी. चांगल्या पाण्यापासून त्याला दूर ठेवू नये. आजारी पडला तर त्याची काळजी वरिष्ठांनी घ्यावी.

"हे तवाच मालूम होतं लोकाईले?" केशवरावांनी विचारलं.

"होतं."

"ज्यानं लिवलं, त्याचं पोरगं होतं का फौजेत?"

"मालूम नाही. त्याच्याबद्दल कोनालेच काही मालूम नाही."

"असन," केशवराव म्हणाले. "असल्याबिगर असं लिवत नाही मानूस."

रत्नाबाई केव्हा दारात येऊन उभ्या राहिल्या ते दोघांनाही कळलं नव्हतं. यादोरावांकडे न बघता त्या म्हणाल्या, "आखीन एक डाव सांगा जी."

यादोरावांनी पाय जुळवले, वर्गापुढे उभं राहावं तसे ताठ उभे राहिले, आणि पहिल्यापासून सांगायला लागले. पाण्याच्या वाक्यापर्यंत त्यांचा आवाज टिकला.