ताट फिरलं, सुनिता सोडून

नांदूरघाटच्या महिला गटाच्या शेडमध्ये सकाळपासून चीक शिजत होता. चुलीपुढं सुनिता. भिजवून वाटलेल्या गव्हाचा तो घट्ट चीक दांड्यानं हाटताना खांदे भरून येतात. सुनिताला ते जाणवत नव्हतं. नवरा ट्रॅक्टरखाली गेला तेव्हापासून तिला फारसं काही जाणवतच नव्हतं.

चीक तिनं हाटायचा, सोऱ्यानं कुरडया मात्र इतरांनी घालायच्या. कारण कुरडया लग्नाच्या रुखवतात जातात आणि सुनिता विधवा. हा नियम कुणी केला, विचारायची सोय नाही.

दर महिन्याला केजहून गटांचं काम बघणाऱ्या सायली मॅडम यायच्या. गोल करून बसायचं, कामात काय बरं वाटलं, काय खुपलं ते तोंडावर सांगायचं. गट सुधारतो म्हणे. चांगलीच गोष्ट. पण बाया जमल्या की आधी हळदीकुंकू. आजही ताट फिरलं. सुनिताशेजारी बसलेल्या आरोहीला लावलं, सुनिताला ओलांडून छबुबाईला लावलं. मॅडमनीही कपाळ पुढं केलं. मग म्हणाल्या, "आता मोकळं बोला."

"आरोही च्यात साखर लई कमी टाकती," छबुबाई म्हणाली.

"तुझी साखर वाढलीया म्हणून, मावशे!"

सगळ्या हसल्या. सुनिताची पाळी आली.

"समदं बरं हाय." दर वेळी हेच.

गटाची अध्यक्ष जानकीबाई खाकरली. "विजयसिंहांच्या लेकीच्या रुखवताचं काम आलंय. मोठं घर. चीकसुद्धा सवाष्णीनंच हाटायचा म्हनले. सुनिते, तू तेवढे दिवस घरी ऱ्हाय. वाईट वाटून घेऊ नको गं. काय बायांनो?"

बायांनी माना हलवल्या. गोलात बसून, एकमतानं.

"गटाचा निर्णय आहे, सुनिताताई," मॅडम म्हणाल्या.

"आज एक घर. उद्या दुसरं बी तेच सांगंल. मंग म्या कुठं जाऊ, जानकीमावशी?"

"अगं, लोकं काय म्हनतील?"

"लोकांचं सोडा. नवरा गेल्यापासनं समद्या रुखवतांचा चीक म्याच हाटलाय. आरोही, तुझ्या बी. तुझं काय वाईट झालं गं?"

आरोहीच्या मांडीवर लेकरू होतं. तिनं त्याच्याकडं बघितलं.

"खुपलं काय, इचारता ना मॅडम? ताट माझ्यावरून नेता अन् मलाच मोकळं बोल म्हनता. हे खुपलं. म्या घरी बसनार न्हाई."

आवाज चढला नाही. बाजारातला भाव सांगावा तसं बोलली.

दुसऱ्या दिवशी त्या रुखवताचं काम निघालं, ती आली. चुलीपुढं गेली नाही. सोऱ्या घेऊन कागद अंथरला होता तिथं बसली. कुणी उठवलं नाही, शेजारी कुणी बसलंही नाही. चीक हाटायला कुणी पुढं होईना. शेवटी आरोहीनं लेकरू छबुबाईकडं दिलं, पदर खोचला. घामाघूम होऊन हाटला आणि पातेलं सुनितापुढं ठेवलं.

"घाल ताई. गरम हाय तवर."

तेवढ्यात विजयसिंहांच्या घरून फोन. "समद्या सवाष्णीच हायत ना कामाला?"

जानकीबाईनं सुनिताकडं बघितलं. "व्हय व्हय. समद्या."

सुनितानं ऐकलं. सोऱ्या फिरवत राहिली. एवढीच सुधारणा झाली. खोटं बोलायची हिंमत आली, खरं बोलायची नाही.

तुमच्याही कचेरीत, शाळेत असा गोल भरत असेल. मोकळं बोला म्हणत असतील. बोलायच्या आधी बघा, ताट कुणाला ओलांडून गेलं. आणि तेव्हा तुम्ही कपाळ पुढं केलं होतं का.