अन्वीच्या उष्टावणाचा भोपळा

अन्वीच्या उष्टावणाला अंगणातलाच भोपळा शिजवायचा होता. पण आमच्या दिल्लीच्या क्वार्टरमधल्या वेलावरची कोवळी फळं पिवळी पडून गळायची. त्यात आठवडाभर रोज सकाळी फुलं खुडलेली दिसत. माझा संशय शेजारच्या सतवंती चाचींवरच होता.

आज अन्वीला थोपटत मी पडद्याआडून पाहिलं, तर चाचींच्या हातात फूल! मी धावलेच.

"चाची, ये क्या?"

"अरी बहू, यहाँ भौंरे कहाँ आते हैं!" म्हणत त्यांनी ते नरफूल शेजारच्या मादीफुलात हलकेच चोळलं. "तू रातभर जागती है, इसलिए नहीं बुलाया."

त्यांनी एक पान उचललं. खाली मुठीएवढा हिरवागार भोपळा होता. चाचींवर पाळत ठेवताना मी वेलाकडे नीट पाहिलंच नव्हतं.

"चाची, उष्टावणाचा पहिला घास तुम्हीच भरवा," मी चक्क मराठीतच म्हणाले.