नाक जड झालेली पाणबुडी

आमच्या पाणबुडीनं सगळ्या युद्धात एकही जहाज बुडवलं नाही. हसा, खुशाल हसा! दोन टॉर्पेडो खडकावर फोडले आणि एक धुक्यात हरवला, हाच आमचा पराक्रम. पण बोट पाण्याखाली नेऊन परत वर आणायचं काम माझं, इंजिनिअर होल्टकाम्पचं. पुढं किती वजन, मागं किती, आचाऱ्यानं किती बटाटे शिजवले, सगळा हिशेब माझ्या डोक्यात. तो चुकला तर सगळी माणसं तळाला.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी फ्रान्सहून कीलला, म्हणजे मायदेशी जर्मनीला निघालो. पहिल्याच बुडीत बोटीनं नाक खाली घातलं. टाक्यांतलं पाणी मागं घेतलं, तरी तेच.

"काय हो होल्टकाम्प," कप्तान श्टामर सगळ्यांदेखत म्हणाले, "बेरीज विसरलात की काय? कीलला तुम्हाला बोटीवरून उतरवतो. बसा मग पोरांबरोबर पाढे म्हणत!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंजिनांत आयुष्य घातलेला माणूस मी, आणि माझी बेरीज चुकते?

दुसऱ्या दिवशी दुपारी वरून आरोळी आली, "विमान!" अशा वेळी बोट झटकन खाली जावी म्हणून सगळे पुढच्या टोकाकडं धावतात. धावले. आणि बोट जी सुटली, ती थांबेचना. पाव, बादल्या, माणसं, सगळं पुढं घरंगळलं.

"मागं पळा रे!" मी ओरडलो. सगळे धडपडत मागं चढले, तरी नाक वर येईना. तेवढ्यात पुढच्या एका बिछान्याखालून भलंमोठं हॅम घसरत बाहेर आलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"हरामखोरांनो! घरी न्यायला काय काय दडवलंय तिथं? जीव प्यारा असेल तर उचला आणि मागं न्या!"

मग काय, वरातच निघाली! चीजची चाकं, कोन्याक ब्रँडीच्या पेट्या, लोण्याचे डबे. शेवटी दोन खलाशी एक लोखंडी शिलाई मशीन ओढत आले.

"हे कुठल्या दीडशहाण्याचं?"

दोघांनी कप्तानांकडं पाहिलं. श्टामरांचे कान लालबुंद झाले. "बायको फार दिवस मागत होती हो..."

बोट सावकाश सपाट झाली. बॉम्ब लांब कुठंतरी फुटले.

"आता बोला," मी म्हणालो. "बेरीज कुणाची चुकली?"

"तुमची बरोबर होती," कप्तान पुटपुटले.

"मोठ्यानं!"

"बरोबर होती, बाबा! आता हे सगळं समुद्रात फेकायचं का, तेवढं सांगा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी इतका तापलो होतो की हो म्हणणारच होतो. तेवढ्यात आचारी वुब्बो एक गाठोडं घेऊन पुढं आला. आत लहान मुलांच्या बुटांचे तीन जोड, एकापेक्षा एक मोठे.

"तीन मुली आहेत होय रे तुला?"

"एकच आहे, साहेब. निघालो तेव्हा रांगत होती. आता पाय केवढा झालाय, काय माहीत."

माझा राग कुठल्या कुठं गेला.

"ठेव ते उशाशी," मी म्हणालो. "त्यांचं वजन मी धरत नाही. बाकीचं सगळं मधोमध नेऊन बांधा. काहीएक फेकायचं नाही."

कप्तानांनी निमूटपणे मशीनचं एक टोक उचललं.