अप्पांच्या गाडीचं ओरिजिनल रबर

अप्पांच्या पिकअपमधून उतरणारा माणूस आधी आपले दात जागेवर आहेत का ते जिभेने चाचपायचा आणि मग म्हणायचा, काय गाडी आहे हो तुमची. त्यात कौतुक किती आणि सुटल्याचा आनंद किती, या खोलात अप्पा कधी शिरले नाहीत. कौतुक म्हटलं की त्यांना पुरे. गाडी वडिलांची. पुढे बाकासारखी एकच सीट, मागे उघडा हौदा, हिरवा रंग मूळचा, आरसे मूळचे, चाव्यांचा जुडगासुद्धा मूळचा. गाडीतली एकच गोष्ट मूळची असूनही अप्पा कुणाला दाखवत नसत, ती म्हणजे केबिनखालची रबरं.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. असल्या गाडीची केबिन थेट लोखंडी सांगाड्यावर ठेवत नाहीत. मधे जागोजागी रबराच्या जाडजूड चकत्या असतात. रस्त्याचे धक्के चकत्यांनी खायचे आणि माणसांनी सुखाने बसायचं, अशी ती सोय. अप्पांच्या गाडीतल्या चकत्या धक्के खाऊन खाऊन केव्हाच संपल्या होत्या. काहींचा भुगा झाला होता, काही पापडासारख्या चपट्या झाल्या होत्या. लोखंड लोखंडावर आपटायचं आणि धक्का थेट मणक्यात जायचा. अप्पांना निदान स्टिअरिंगचा आधार होता. शेजारी बसणाऱ्या त्यांच्या बायकोला, म्हणजे माईंना, देवाचाच.

माई एका हाताने दाराची कडी धरायच्या, दुसरा हात समोर टेकवायच्या आणि त्याही अवस्थेत काहीबाही बोलत असायच्या. त्या खडखडाटात अप्पांना एक अक्षर ऐकू यायचं नाही. ओठ हलताना दिसले की ते "हो, हो" म्हणायचे आणि गाडी पुढे दामटायचे. इतकी वर्षं संसार असाच झाला आणि अप्पांच्या मते छान झाला.

मग एक दिवस माई बाजारातून परत आल्या, दाराला धरून खाली उतरल्या, कंबरेवर हात ठेवून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या गाडीत मी आता बसणार नाही. ज्या दिवशी हातात चहाचा भरलेला कप धरून बसता येईल, त्या दिवशी बोलवा."

अप्पा हसले. माई हसल्या नाहीत. तेव्हा अप्पांचंही हसू मावळलं, कारण जुन्या गाड्यांच्या मंडळाची वार्षिक मिरवणूक तोंडावर आली होती. अप्पांना त्या मिरवणुकीचं पहिलं बक्षीस हवंच होतं, नाही कशाला म्हणा. पण त्याहून जास्त त्यांना शेजारी माई हव्या होत्या. लग्नानंतर त्यांनी माईंना घरी आणलं ते याच गाडीतून, आणि शेजारची ती जागा रिकामी ठेवून गाडी चालवायची कल्पनासुद्धा त्यांना सहन होत नव्हती. हे त्यांनी माईंना सांगितलं का? छे. जीभ रेटली नाही. त्याऐवजी त्यांनी मंडळाची तातडीची बैठक बोलावली.

मंडळाबद्दल काय सांगावं. बायकोचा वाढदिवस विचारला तर खिडकीबाहेर बघणारी ही माणसं, पण कुठल्या गाडीच्या कुठल्या कोपऱ्यात कुठला स्क्रू होता हे झोपेत सांगतील. एका सभासदाने बाजारातला नवा वायपर बसवला म्हणून मंडळाने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. बिचारा पावसात अपघात नको म्हणून बसवतो म्हणाला, पण असल्या सबबी मंडळात चालत नाहीत.

अशा सभेत अप्पांनी रबराचा विषय काढला. सगळे गंभीर झाले. कुणी म्हणालं, बाजारात आजकाल नवी रबरं मिळतात. त्याच्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं की तो पाणी प्यायला बाहेर गेला. मग सचिव उठले, दोनदा खाकरले आणि म्हणाले की त्यांच्या माळ्यावर एक खोका आहे. कंपनीचा. गाड्या बनत होत्या त्या काळातला. सीलबंद. आजवर उघडलेला नाही. सभेत कुणी श्वास घेईना. सचिवांना त्या खोक्याच्या बदल्यात फार काही नको होतं, फक्त अप्पांच्या गाडीचा मूळचा हॉर्न. दोन सुरांत वाजणारा तो हॉर्न म्हणजे अप्पांचा जीव की प्राण. पण माईंच्या कपापुढे हॉर्न काय, असं स्वतःशी म्हणून त्यांनी तो स्वतःच्या हाताने उतरवून दिला. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. खोका दोघांनी मिळून धरला होता.

काम मिस्तरीकडे गेलं आणि तो हत्यारं घेऊन अप्पांच्या अंगणातच आला. मिस्तरी हा हाताने कमी आणि तोंडाने जास्त काम करणारा इसम. ओरिजिनल ते ओरिजिनल, असं म्हणत त्याने गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडलं, पान्याला लोखंडी नळी लावून जोर काढला, दोन बोल्ट तोडले आणि ते तुटणारच होते असं सांगितलं. मग फळी लावून जॅकने एकेक बाजू उचलली. खालून जुन्या रबराचा भुगा पडला, त्यातला थोडा अप्पांनी आठवण म्हणून कागदात बांधून घेतला. खोका उघडला. काळ्याभोर चकत्या, प्रत्येकीवर कंपनीचा शिक्का. अप्पांचे डोळे भरून आले.

माईंनी एक चकती हातात घेऊन तिच्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं. नख वाकलं. मग त्यांनी ती फरशीवर टाकली. खट्ट आवाज आला.

अप्पा म्हणाले, बघितलंस किती दणकट आहे ते.

केबिन बसली आणि लगेच परीक्षा ठरली. माई काठोकाठ भरलेला कप घेऊन शेजारी बसल्या. गाडी गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा पोचली नसेल. निम्मा चहा माईंच्या मांडीवर, थोडा काचेवर आणि उरलेला अप्पांच्या कानात. आधी निदान भुग्याने थोडा मऊपणा होता, आता तर दगडावर दगड. मिस्तरी लांबून म्हणाला की नवीन आहे, बसायला वेळ लागेल.

माईंनी रुमालाने मांडी पुसली. "मी कुकरची रिंग दर वर्षी बदलते," त्या शांतपणे म्हणाल्या. "जुनी ओरिजिनल रिंग कुठे गेली, असं तुम्ही कधी विचारलंत का? रबर माळ्यावर ठेवलं म्हणून नवं राहत नाही हो." आणि त्या घरात निघून गेल्या.

अप्पांचं तोंड एवढंसं झालं. आधी त्यांना राग आला. कुकर आणि ही गाडी एका मापाने मोजायची म्हणजे काय. दोन दिवस ते फुरंगटून बसले. मग एका दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर माई बादली उचलायला वाकल्या होत्या. त्यांनी बादली उचलली, परत खाली ठेवली, भिंतीला हात लावला आणि डोळे मिटून घेतले. अप्पा दारातच थांबले. त्यांना लाज वाटली. साधी, सरळ लाज. आजवर आपण एका गाडीचं लोखंड जपलं आणि शेजारच्या माणसाची हाडं खिळखिळी केली, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं. बादली त्यांनीच नेऊन ठेवली. माईंनी आश्चर्याने पाहिलं.

संध्याकाळी अप्पा मिस्तरीकडे गेले आणि हळू आवाजात म्हणाले, बाजारातली नवीन टाक. मिस्तरी म्हणाला, मी तर पहिल्यापासून तेच म्हणत होतो.

नवी मऊ रबरं बसली. पण मंडळाला कळलं तर वायपरवाल्याच्या शेजारी बसायची वेळ यायची. म्हणून अप्पा स्वतः गाडीखाली शिरले आणि त्या कोऱ्या रबरांना जुनं ग्रीस, काजळी आणि अंगणातली धूळ मनोभावे फासली. बाहेर आले तेव्हा रबरांपेक्षा तेच जास्त जुने दिसत होते.

मिरवणुकीच्या सकाळी परीक्षक टॉर्च घेऊन गाडीखाली गेले, वर आले, सीटवर बसून चार वेळा उड्या मारून पाहिल्या आणि भारावून म्हणाले की याला म्हणतात ओरिजिनल, आजकालच्या रबराला हे जमणार नाही. सचिव छाती फुगवून सगळ्यांना सांगत सुटले, आमच्याकडचंच ते. अप्पा बुटाच्या टोकाकडे बघत राहिले. बक्षीस जवळजवळ खिशात होतं. आता फक्त रांगेतून शेवटपर्यंत जायचं. नियम एकच, वाटेत जो थांबला तो बाद.

माई शेजारी बसल्या. हातात भरलेला कप. गाडी निघाली, खड्डे आले, वळणं आली, कपातला चहा नुसता हलला. अप्पा रस्त्याकडे कमी आणि कपाकडे जास्त बघत होते. गाडीत इतकी शांतता की इंजिनसुद्धा दुसऱ्याच कुणाचं वाटावं. अशी रांग नदीवरच्या पुलावर आली.

"अहो, इथे जरा थांबवा ना," माई म्हणाल्या.

"हो, हो," अप्पा सवयीने म्हणाले आणि गाडी पुढे जात राहिली. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ऐकू आलं.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे?"

"इथून जाताना दर वेळी म्हणते. घरी आणलंत त्या दिवशी इथेच गाडी तापली होती. मागच्या हौद्यावर बसून आपण चहा प्यायलो होतो. तेव्हापासून म्हणते, एकदा थांबवा. तुम्ही हो म्हणता आणि पुढे जाता."

"मला वाटायचं, तू गाणं गुणगुणतेस."

"या गाडीत?" माई म्हणाल्या.

अप्पांनी आरशात पाहिलं. मागे रांगच रांग, झेंडे, फुगे. पुढे मैदान, मांडव आणि त्यात कुठेतरी त्यांचा चषक. त्यांनी ब्रेक दाबला. पुलाच्या मधोमध गाडी उभी केली, किल्ली काढली आणि खिशात टाकली.

मागून हॉर्न वाजला. दोन सुरांतला. अप्पांनी तो लगेच ओळखला, वडिलांच्या वेळचा. सचिव खिडकीतून डोकं काढून ओरडत होते, बाद व्हाल अप्पा, बाद व्हाल. अप्पा उतरले, मागे गेले, हौद्याचं फळकूट खाली पाडलं, बाहीने पुसलं आणि माईंना हात देऊन वर बसवलं. स्वतः शेजारी बसले. माईंनी कप त्यांच्यापुढे धरला. एक थेंब सांडलेला नव्हता, फक्त चहा गार झाला होता.

अप्पांनी घोट घेतला आणि कप परत दिला. हॉर्न वाजतच होता.

"आता सांग," ते म्हणाले, "आणखी काय काय म्हणायचीस तू गाडीत?"

माईंनी पाय जरा सैल सोडले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.