बाराची फवारणी

पेरू वरून पिवळाधमक, फोडला की आत अळ्यांची वळवळ. राहीबाईनं तो बांधावर भिरकावला. सकाळपासून हा सतरावा. पलूसच्या त्या रानात बावीस झाडं तिनं कळशीनं पाणी घालून जगवली होती. आणि नवऱ्यानं, नाथाजीनं, बजावलं होतं की त्र्याण्णव सालचा हा बहरही किडका निघाला तर सोमवारी झाडांवर कुऱ्हाड.

फळात अंडी घालणाऱ्या माश्यांपेक्षा तिला वैताग नवऱ्याचाच होता. नाथाजी पलटणीतून सुभेदार होऊन आलेला. फवारणी करायची ती बाराच्या ठोक्याला, घड्याळ बघून. राहीबाई वैरणीला कडेच्या मक्यात जायची, तिला सगळं दिसायचं. फळमाश्या सकाळी पेरूला डंख मारायच्या, ऊन चढलं की मक्याच्या पानाखाली गारव्याला बसायच्या आणि दिवस कलला की परत बागेत. भर दुपारी झाडावर माशी औषधालासुद्धा नसायची.

"आवं, गुळाच्या पाण्यात औषध घालून मक्याच्या कडंला मारा," ती किती वेळा म्हणाली.

"किडलाय पेरू, अन् औषध मक्याला व्हय? दुखणं रेड्याला अन् डाग पखालीला," म्हणून तो हसायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

शनिवारी त्यानं ऐकलं, पण अर्धंच. ती बाजारातून येते तो सगळा मका आडवा.

"शत्रूचा तळच उठवला," तो मिशीला पीळ देत म्हणाला.

राहीबाईनं कपाळावर हात मारून घेतला. एका जागी गावणाऱ्या माश्या या शहाण्यानं उधळून लावल्या होत्या.

रविवारी सकाळी पेरूंवर ताजे डंख होतेच. दुपारी नाथाजी कुऱ्हाडीला धार लावायला बसला. मग मान वर न करता त्यानं विचारलं, "आता दुपारच्या जात्यात कुठं त्या?"

"आप्पासो भाऊजींच्या उसात. आत्ताच बघून आले."

त्याचा हात थांबला. आप्पासो त्याचा चुलतभाऊ, शेजारच्याच रानातला. बांधाच्या भांडणापायी तीन वर्षं अबोला.

"त्याच्या रानात मी पाय ठेवायचा न्हाई. त्यापरीस झाडं गेलेली बरी."

राहीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अबोला तुमचा हाय, माझा न्हाई. भाऊजींना इचारून आलीया मी."

तिनं गूळ कालवला, औषध घातलं, पंप पाठीला लावला. बांध ओलांडताना मागं वळून म्हणाली, "कुऱ्हाड तेवढी घरात ठेवा. अन् घड्याळ बगा, बारा वाजल्यात."