उतारावर उभी केलेली भिंत

नदी समुद्राला कशी मिळते हे मी जामबागच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. फळ्यावर निळ्या खडूनं त्रिभुज प्रदेशाच्या फांद्या काढायच्या आणि खाली लाटा. स्वतः मात्र एकही नदी समुद्राला मिळताना पाहिली नाही. माझं माहेर नांदेडचं, लहानपण गोदावरीच्या घाटावर गेलेलं. ती पुढे अंतर्वेदीला समुद्रात जाते, हे मी पोरींना नकाशावर पट्टी ठेवून दाखवत आले. निवृत्त झाल्यावर पहिलं तिथं जायचं, असं मनाशी पक्कं होतं. तेवढ्यात मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी अर्ध्या तासाच्या वर बसायचं नाही म्हणून बजावलं. चाला किंवा झोपा, एवढंच हातात राहिलं.

रेल्वेनं झोपून जाता येतं, हे मलाही कळतं. पण पुढे टॅक्सीत बसावं लागतंच, आणि मुख्य म्हणजे आमच्या हेमंतरावांना रेल्वे दुरुस्त करता येत नाही. चाळीस वर्षं त्यांनी सरकारी बांधकाम खात्यात इमारती उभ्या केल्या. घरी बसल्यापासून त्यांचे हात नुसते शिवशिवत होते. गणपती उठले आणि त्यांनी कुठल्याशा लिलावातून एक जुनी मिनीबस आणून आमच्या नल्लकुंट्याच्या गल्लीत उभी केली. पूर्वी ती खेडोपाडी डोळे तपासत फिरायची. आत पलंग करू, ओटा करू, संक्रांतीला तू झोपून अंतर्वेदीला जाशील, असं म्हणाले. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू?

आतला सनमायका उचकटला तेव्हा मात्र भिंतीतून लाकडाचा भुगा गळायला लागला. बाहेरच्या पत्र्याच्या आतून उभ्या-आडव्या रीपांचा सांगाडा असतो. कपाटं, फळ्या, पलंग, सगळं त्यालाच धरून राहतं. तो सांगाडाच वाळवीनं आणि ओलीनं खाल्ला होता. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. हेमंतराव इतके खूश झाले की त्यांनी दोन कप चहा मागितला आणि नवीन सांगाड्याचे नकाशे काढायला बसले. नऊ नकाशे झाले. त्यातला एक फक्त बिजागऱ्यांचा होता.

कामाला खाजा मिस्त्री आले. आमच्या घराची दारं-खिडक्या त्यांच्याच हातची, वयानं ह्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे. पहिल्याच दिवशी त्यांनी काटकोन तपासायचा गुण्या गाडीच्या तळाच्या फळीवर टेकवला आणि विचारलं, "साब, खंबे इसके हिसाब से खडे करूं?"

हेमंतरावांना ते पटलं नाही. जुन्या गाडीचं अंग वाकलेलं असतं, तिच्यावर कसा भरवसा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी घरातून आपला ओळंबा आणि पाणसळ आणली. दर दसऱ्याला त्यांची हळदकुंकू वाहून पूजा होते, पण गेली सात वर्षं दोघांनाही काम नव्हतं. पाणसळीतला बुडबुडा मध्यावर, ओळंब्याची दोरी खांबाला समांतर, मगच स्क्रू पिळायचा, असा हुकूम निघाला. मिस्त्रींनी एकदा दोरीकडे पाहिलं, एकदा मागच्या दाराच्या चौकटीकडे पाहिलं आणि इंजिनियर साहेबांपुढे काय बोलायचं म्हणून गप्प बसले. मी गॅलरीतून बघत होते. मला तर सगळं छानच दिसत होतं.

तीन महिने गल्लीत रंध्याचा आवाज होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला हेमंतराव आत बोलवायचे आणि पाणसळ ठेवून दाखवायचे. खांब पत्र्याशी तिरके दिसतात असं कुणी म्हणालंच, तर खांब सरळ आहेत, गाडी तिरकी आहे, असं समजावून सांगायचे. लोक मान डोलावून जायचे. ह्यांना इतकं मजेत मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून जेवायला उशीर झाला तरी मी फारसा आवाज चढवला नाही. थोडा चढवला.

संक्रांतीच्या आठ दिवस आधी गादी आणायला आम्ही गाडी घेऊन मलकपेठेत गेलो. चाकांखालच्या विटा काढून गाडी हलली ती पहिल्यांदाच. गादीवाल्याच्या दुकानापुढे सपाट मैदान होतं, तिथं गाडी लावली. गादी पलंगावर घातली आणि पहिला मान म्हणून मला झोपायला सांगितलं. मी आडवी झाले आणि रक्त डोक्यात उतरायला लागलं. पाय वर, डोकं खाली. तेवढ्यात कपाटांची सरकती दारं एकामागून एक आपणहून मागच्या बाजूला सरकली.

हेमंतरावांनी पलंगाच्या कडेवर पाणसळ ठेवली. बुडबुडा थेट पायाच्या टोकाला जाऊन बसला. त्यांनी ओळंबा सोडला. एकूण एक खांब मागे झुकला होता. ते गाडीतून खाली उतरले, मैदानाकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं.

आमची गल्ली नाल्याकडे उतरते. मी तिथं पस्तीस वर्षं राहते, दूधवाल्याची सायकल तिथं उभी राहत नाही, हे मला ठाऊक आहे. गाडी तीन महिने उताराकडे तोंड करून उभी होती आणि ह्यांनी भिंती गाडीशी न जुळवता पृथ्वीशी जुळवल्या होत्या; गाडी सपाटीवर आली आणि त्या तिरक्या झाल्या. जन्मभर इमारती बांधलेल्या माणसाच्या लेखी जमीन कधी बदलत नसते.

"निर्मला, चुकलं माझं," ते म्हणाले.

हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या खात्यात चूक नसतेच, फक्त सुधारित आराखडा असतो. मला हसू आवरेना आणि त्यांचा चेहरा पाहून वाईटही वाटलं. पण परतीच्या वाटेवर त्यांनी जे ठरवलं, ते ऐकून माझं हसू पळालं. सगळं उतरवायचं, गाडीची नव्यानं मोजणी करायची, नकाशे पहिल्यापासून काढायचे. मार्चपासून उन्हानं पत्र्याच्या गाडीत बसवणार नाही, म्हणजे आता पुढची संक्रांत.

मी पलंगावर डोकं उलटीकडे करून पडले होते. तिथूनच बोलले. "अहो, तुम्हाला भिंत सरळ पाहिजे. मला भिंत नक्को, मला तिथं जायचंय. सदुसष्ट वर्षांच्या बाईला पुढच्या संक्रांतीचं सांगू नका."

घरी जाऊन मी कुकर लावला. आपल्याकडे आता फार वर्षं नाहीत, हे कधीतरी मोठ्यानं म्हणावं लागेल, याची मला ऑपरेशन झाल्यापासून भीती वाटत होती.

सकाळी खाजा मिस्त्रींना ह्यांनीच बोलावून आणलं आणि सगळं कबूल केलं. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "साब, घर एकीच जगा खडा रहता. ये तो चलने वाली चीज है." मग त्यांनी गुण्या काढला आणि गाडीच्या तळावर टेकवला. नऊ दिवसांचं काम, नकाशाची गरज नाही, असं सांगितलं. हेमंतरावांनी मान हलवली. कागद न पाहता काम सुरू झालेलं मी त्यांच्या बाबतीत प्रथमच पाहिलं.

जुने खांब उतरले तेव्हा मला खालून हेमंतरावांची हाक आली. गाडीच्या आत विटांवर एक फळी टाकली होती, नव्या पलंगाच्या उंचीची. त्यावर झोप म्हणाले. झोपले. मग कुशीवर वळ म्हणाले, ज्या कुशीवर तुला दुखत नाही त्या. तीन महिने कपाट किती इंच आणि फळी किती इंच हे चाललं होतं, मला कुणी काही विचारलं नव्हतं. आता ते गुडघे टेकून माझ्याशेजारी बसले, माझे डोळे कुठे येतात ते पाहिलं आणि पत्र्यावर पेन्सिलीनं रेघ ओढली. गाडीच्या खिडक्या बसणाऱ्यांसाठी होत्या, झोपून फक्त आभाळ दिसायचं. रेघेच्या ठिकाणी पत्रा कापला, दोन खांबांमध्ये नवी चौकट बसवली आणि काच लावली. प्लायवुड एकाच बाजूला लावून झालं. दुसऱ्या बाजूच्या रीपा उघड्याच राहिल्या, आणि तशीच जाऊ दे, असं ह्यांनीच म्हटलं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो. वाटेत दोन मुक्काम झाले. पलंग सपाट होता, दारं जागेवर होती, आणि उघड्या रीपांवर मी टॉवेल वाळत घातले होते. मी सगळा रस्ता झोपून पाहिला. शेतं, बंधारे, म्हशी, मग नुसते नारळ.

अंतर्वेदीला वाळू लागेपर्यंत त्यांनी गाडी नेली आणि काचेची बाजू पाण्याकडे करून थांबवली. मी कुशीवर वळले. डावीकडून गोदावरी येत होती, मातकट, संथ, घाटावर असायची तशीच. उजवीकडे निळं पाणी होतं. मधे एक रेघ होती, पण ती सारखी हलत होती आणि कुठेच नीट काढता आली नसती. एकतीस वर्षं मी ती फळ्यावर ठळक ओढत होते.

हेमंतराव मागे येऊन उभे राहिले. "दिसतंय ना?" त्यांनी विचारलं. मी त्या हलत्या रेघेकडेच बघत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं. मग त्यांचा चेहरा उतरला, उंची दोन बोटं चुकली की काय असं ते पुटपुटले आणि टेप आणायला वळले.

मी त्यांचा शर्ट धरला आणि त्यांना खाली बसवलं.